‘एरर’ला मराठीत काय म्हणावं? (न्यूट्रॉनचा स्पिन मोजताना)

चाफेकळी: व्हिएन्नात भौतिकशास्त्रज्ञ हासेगावा यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूट्रॉन-प्रयोगावर मराठीत लिहिते आहे. जुनी समजूत अशी की एका राशीच्या मापनातली ‘एरर’ आणि त्यातून दुसरीत होणारा ‘डिस्टर्बन्स’ यांचा गुणाकार ठरावीक मर्यादेखाली जात नाही. जपानी शास्त्रज्ञ ओझावांनी २००३ मध्ये त्यात दोन पदं वाढवली. प्रयोगात जुनी अट मोडली, ओझावांची टिकली. डिस्टर्बन्सला ‘विक्षोभ’ बसतो. ‘एरर’ला मी ‘त्रुटी’ लिहिलं, तर संपादकांनी ‘चूक’ केलं.

उंबरा: दोन्ही नकोत. त्रुटी म्हणजे एरर हे हिंदीत. मराठीत त्रुटी म्हणजे उणीव. ‘अर्जातल्या त्रुटींची पूर्तता करा’ असं पत्र येतं ते त्याच अर्थाने. आणि चूक म्हटली की ती करणारा माणूस आला.

काटा: प्रयोगात काय होतं ते धरून शब्द निवडा. मोजायचा असतो स्पिनचा, म्हणजे न्यूट्रॉनच्या अंगभूत फिरकीसारख्या गुणाचा, क्ष-घटक, आणि दुसरा मापक बघतो त्यामुळे य-घटकात किती विक्षोभ झाला ते. पण पहिला मापक मुद्दाम फाय (φ) कोनातून य-दिशेकडे वळवलेला असतो. फाय शून्य असेल तर एरर शून्य, विक्षोभ १.४१. फाय ९० अंश केला की बरोबर उलट. जुनी मर्यादा इथे १ येते, पण गुणाकार मधल्या कुठल्याच कोनाला ०.७७ च्या वर जात नाही. यंत्र चोख चालतंय, फक्त हवी ती राशी सोडून शेजारची मोजतंय. ही ‘तफावत’ आहे.

निशाचर: तफावत अरबी. ‘विचलन’ का नको?

काटा: वजनही अरबी आणि तराजू फारसी, मग मोजायचं कशाने? शिवाय विचलन संख्याशास्त्रात आधीच अडकलंय. ओझावांच्या सूत्रात प्रमाण विचलन, म्हणजे राशीच्या किमतींचा मूळचा पसारा, हे वेगळं पद आहे, वाचक दोन्हींची गल्लत करेल.

उंबरा: तिसरी गल्लतही आहे. १०,००० न्यूट्रॉन नोंदले तर त्या आकड्यातच वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा चढउतार असतो, एक टक्का. त्यालाही सगळे एररच म्हणतात. आलेखावरच्या उभ्या रेघा या एररच्या, लेखातली एरर निराळी. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर लेख वाया गेला.

निशाचर: मला ‘मोजणे’च खटकतंय. शेवटच्या डिटेक्टरमध्ये बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळतो, अल्फा कण आणि लिथियम बाहेर पडतात आणि एक नोंद होते. तिथे स्पिन कळत नाही. तो त्याआधीच्या विश्लेषकाने (ठरावीक दिशेच्या स्पिनचेच न्यूट्रॉन पुढे सोडणाऱ्या भागाने) निवडलेला असतो. विश्लेषक मापतो, डिटेक्टर मोजतो. एरर काढायला न्यूट्रॉनच्या स्पिनच्या तीन वेगवेगळ्या आरंभ-अवस्थांसाठी दोन्ही मापकांच्या निष्पत्तींच्या प्रत्येक जोडीचे न्यूट्रॉन ‘मोजावे’ लागतात, तेव्हा कुठे एक राशी ‘मापली’ जाते. लेखात हा फरक पाळायलाच हवा.

उंबरा: बोलीत पाळत नाही कुणी. पैसे मोजतात, जमीन मोजतात, रक्तदाबही मोजतात. ‘ताप मापला’ असं कोण म्हणतं?

निशाचर: पण ज्याने मोजतात तो तापमापक. तापमोजक नव्हे.

काटा: मापक हा घडवलेला शब्द आहे, बोलीचा पुरावा म्हणून चालणार नाही. ‘मापात पाप’ मात्र बोलीतलंच, आणि तिथे माप म्हणजे भांडं.

चाफेकळी: मापणे-मोजणे वेगळे ठेवते. उभ्या रेघांना ‘मोजणीतला चढउतार’ लिहीन. तफावतीवर संपादक अडतील. त्यांना फाय कोनाचं उदाहरण पाठवते आहे.

उंबरा: पाठवा. पण तफावतीला माझा विरोध कायम. तफावत दोन आकड्यांत असते, इथे दोन राशी आहेत.