मदत हवी आहे: बैलगाडीच्या चाकाचा आवाज लूप करताना अडलंय

माइनक्राफ्ट गेमसाठी बैलगाडीचा मॉड (गेममध्ये जोडायचा भाग) करतोय. खानापूरकडे मामांच्या गाडीचा आवाज मोबाइलवर घेतला. घुंगरं छान बसली; फाइल स्टिरिओ (दोन चॅनेलची) होती तोवर गेममध्ये गाडी लांब गेली तरी आवाज कमी होईना, मोनो (एका चॅनेलची) केल्यावर जमलं.

अडलंय चाकाच्या करकरीत. ४ सेकंदांचा तुकडा लूप केला (सलग पुन्हा पुन्हा वाजवला) की जोडावर 'टक' ऐकू येतं. ऑडॅसिटीत (ऑडिओ एडिटर) आवाजाची लहर शून्य रेषेला छेदते तिथे कापलं तर 'टक' जातं, पण करकर मधेच तुटते. दोन्ही टोकांना फेड दिला (आवाज हळूहळू चढवला-उतरवला) तर आवाज दबतो. फाइलचा फॉरमॅट ऑगच आहे, एमपीथ्री नाही.

पाऊस लागलाय, त्यामुळे पुन्हा रेकॉर्डिंग नाही. हाताशी २० सेकंदच आहेत. तुकडा चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याएवढा कापू, की शेवट सुरुवातीवर चढवून क्रॉसफेड (एक उतरत असताना दुसरा चढवणं) करू? आणि क्रॉसफेड किती मिलिसेकंदांचा ठेवू?