मदत हवी आहे: गटाच्या कर्जाचे वसुलीवाले रात्रीपर्यंत ओट्यावर बसतात, आईला वकील कुठे मिळेल?

चाकणवासी

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला, सध्या चाकणला कंपनीत कामाला. गावी आई-वडील दोघंच. आईच्या नावावर मायक्रोफायनान्सची दोन कर्जं आहेत, एक ४५ हजारांचं, एक ३० हजारांचं. बचत गट नव्हे, गावात येऊन दहा बायका गोळा करून आधार कार्डावर देतात ते. पहिलं वडिलांच्या ऑपरेशनला गेलं, दुसरं कपाशीच्या बियाण्या-खतात. दोन्हींचा हप्ता मिळून महिन्याला ३८०० च्या आसपास. दिवाळीपर्यंत एकही चुकला नाही. मग ऐन वेचणीत पाऊस आला, कापूस भिजला, व्यापारी म्हणेल तो भाव. तीन महिन्यांचे हप्ते थकलेत.

पैसे बुडवायचे नाहीत, हे आधीच सांगतो. नाहीतर पहिला प्रतिसाद "घेताना कळत नव्हतं का" हाच येतो.

दोघं जण मोटारसायकलवर येतात, तेही दिवेलागण झाल्यावर. मागच्या बुधवारी साडेनऊपर्यंत ओट्यावर बसून होते. एकटे बसले असते तर सोसलं असतं. पण ते गटातल्या बाकीच्या बायकांना घरून बोलावून आमच्या दारात बसवतात. "हिचा हप्ता आला की तुम्ही मोकळ्या." एक जण तर तान्हं लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. ज्यांच्यासोबत आई तीस वर्षं निंदणी-वेचणीला गेली त्याच बायका आता तिच्याशी बोलत नाहीत. वसुलीवाल्यांच्या शिव्यांपेक्षा तिला तेच जास्त लागलंय.

शिवाय धमक्या आहेतच. सिलेंडर उचलून नेऊ, आधार बंद करू, पोराची नोकरी घालवू. माझ्या सुपरवायझरला खरंच फोन गेला. वडील पोलीस ठाण्यात गेले, तर "फायनान्सचा मामला आहे, कोर्टात जा" असं सांगून परत पाठवलं. आई फोनवर एवढंच म्हणते, "माले काही समजत नही, भाऊ."

वकिलाला द्यायला पैसे नाहीत. कर्ज देताना दोन कोऱ्या चेकवर सह्या घेतल्यात, त्याचीही भीती वाटते. काय करावं?

जुना कारकून

भाऊ, आधी चुलतभाऊ किंवा सावकार यांच्याकडून पैसे उचला आणि हप्ता भरून मोकळे व्हा. कोर्टाच्या पायऱ्या कोणी चढायच्या?

पारोळ्याची ताई

कारकूनभाऊ, हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. आमच्या गल्लीत दोन घरं अशीच गेली. हप्त्यासाठी सावकार, सावकारासाठी दागिने.

चाकणवासी, तुमची आई बाई आहे एवढ्यावरच तिला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. अमळनेरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा, नाहीतर जळगावला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोनवर विचारायचं तर १५१००. मी स्वतः वहिनीला घेऊन गेले होते, दुसऱ्या प्रकरणात. अर्ज साध्या कागदावर चालला. वकील तरुण होता, पण नोटीस चांगली कडक लिहिली.

बँकेतला माणूस (निवृत्त)

नियम आईच्या बाजूने आहेत, फक्त ते वसुलीवाल्यांना कोणी वाचून दाखवत नाही. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ ला मायक्रोफायनान्स कर्जांसाठी निर्देश काढले. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाईक किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास, हे सगळं त्यात बंद केलंय. वसुली ठरलेल्या जागी व्हायला हवी. लागोपाठ दोनदा कर्जदार तिथे आला नाही तरच घरी येता येतं. म्हणजे दिवसा घरी आले तर ती चूक म्हणता येणार नाही, रात्री नऊला बसले ती मात्र आहे. माणसं कंत्राटी असली तरी कंपनीची जबाबदारी सुटत नाही.

कर्जाचं कार्ड काढा. त्यावर तक्रार अधिकाऱ्याचा नंबर असतो. लेखी तक्रार करा, तारीख-वेळेसकट. त्याच पत्रात हप्ते लहान करून मुदत वाढवून मागा. अडचणीतल्या कर्जदाराला मार्ग दाखवण्याची व्यवस्था ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची. ती फुकट असते, माहितीसाठी नंबर १४४४८.

आधार बंद करणं कुठल्याही फायनान्सच्या हातात नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय सिलेंडरही कोणी उचलू शकत नाही. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, मात्र बिघडणार, ते खोटं सांगत नाही.

चेकचं सांगतो. तो वटला नाही तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत ते नोटीस पाठवतील. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. ती परत पाठवू नका, घ्या आणि त्याच दिवशी वकिलाकडे न्या. हे एकच ठिकाण असं आहे जिथे दुर्लक्ष महागात पडतं.

पारोळ्याची ताई

आणि पोलिसांकडे तोंडी जाऊ नका. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. घेतला नाही तर जळगावला पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने. आता आले की शेजारच्या पोराला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, घड्याळ दिसेल असा.

चाकणवासी

खूप आभार. एक राहिलं. तक्रार केली तर बाकीच्या बायकांवर भार येईल का? आई त्याच्यासाठीच नको म्हणते.

बँकेतला माणूस (निवृत्त)

गटात एकमेकींची हमी घेतलेली असते, त्यामुळे तो कागद वकिलाला दाखवा. पण हमी असली म्हणून कोणाला रात्री परक्या दारात बसवून ठेवता येत नाही. शक्य असेल तर त्यांच्याच सह्या तक्रारीवर घ्या. लेकरू घेऊन बसलेली ती बाई पहिली सही करेल बघा.

चाकणवासी

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. आईने तिच्याशी बोलून पाहिलं. ती सही करायला तयार आहे, अजून दोघी "घरच्यांना विचारून सांगतो" म्हणाल्या. सोमवारी अमळनेर कोर्टात जाताना आधार आणि कर्जाचं कार्ड पुरेल ना?

पारोळ्याची ताई

पुरेल. झेरॉक्स दोन-दोन काढून ठेवा, आणि आईला सोबत न्या, सही तिची लागते.