हर्णैला बंदराजवळ घर, दिवसभर कानाला काम: नॉइज कॅन्सलिंग हेडफोनवर तीस-पस्तीस हजार घालावेत का?

सुरंगी

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी पुण्यातलं बिऱ्हाड हलवून मी हर्णैला माहेरी आले. बाबा गेले, आई ७४ वर्षांची, तिला एकटीला ठेवणं बरं वाटेना. सुदैवाने माझं काम घरून होतं. ग्राहकांच्या फोनची रेकॉर्डिंग ऐकून टिपणं काढायची, आणि रोज दोनेक तास मीटिंग. म्हणजे सहा तास तरी कान कामाला जुंपलेले.

घर बंदराच्या रस्त्यालाच आहे. पहाटेपासून बोटींची इंजिनं, मासळी न्यायला आलेले टेम्पो चालूच ठेवून उभे, शेजारी बर्फ फोडायचं मशीन. दुपारी लिलाव सुरू झाला की माणसांचा गलका. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बोटी थांबतात, पण मग पडवीच्या पत्र्यावर पाऊस. रात्री उशिरा काम उरलं तर रातकिडे. सध्या साधे इयरफोन वापरते आणि आवाज इतका वाढवते की संध्याकाळी कानात बारीक शिटी वाजत राहते. याचीच मला भीती वाटते.

बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनसाठी तीस-पस्तीस हजार बाजूला काढलेत. ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही. सोनी, बोस, सेनहायझर, अ‍ॅपल यांची नावं वाचून झाली, पण सगळी परीक्षणं ऑफिस, मेट्रो आणि विमानाची. आपल्या हवेत, आपल्या आवाजात ही वस्तू कशी वागते ते मला हवंय. ज्यांनी वापरलेत त्यांनी कृपया सांगा. पाऊस तोंडावर आलाय, त्याआधी ठरवायचं आहे.

कातळवाट

माझ्याकडे सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ आहे, चार वर्षं झाली. रत्नागिरी ते मुंबई रेल्वेने महिन्यातून दोन-तीन फेऱ्या होतात. उक्षी आणि भोकेमधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. खिडक्या उघड्या असलेल्या डब्यात तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हेडफोन लावला की तो सगळा घुमारा लांब कुठेतरी गेल्यासारखा होतो. पहिल्यांदा तो अनुभव घेतला तेव्हा मी गाणंसुद्धा लावलं नव्हतं, नुसता बसून राहिलो.

बॅटरी ३० तास, आणि दहा मिनिटं चार्ज केली की पाच तास चालते. वादळी पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा याची किंमत कळते. पण या मॉडेलमध्ये चार्जिंग चालू असताना वायरलेस ऐकता येत नाही, ते लक्षात ठेवा. रात्री आठवणीने लावायचा.

तोटा सांगायचा तर मे महिन्यात अर्ध्या तासाच्या वर कानावर ठेववत नाही. कान घामाने भिजतात. पंख्याखाली बसलात तरच.

खाडीपलीकडे

चष्मा लावता का? लावत असाल तर दुकानात चष्म्यासकट घालून बघा. काडीमुळे हेडफोनची कानावरची गादी आणि डोकं यांच्यात फट राहते, आणि आवाज बरोबर तिथूनच आत शिरतो. माझ्या जाड काडीच्या चष्म्याने अर्धा फायदा घालवला होता. बारीक तारेची काडी करून घेतल्यावर फरक पडला.

दुसरं, काही लोकांना नॉइज कॅन्सलिंग चालू केलं की घाट उतरताना कानात येतो तसा दडा आल्यासारखं वाटतं. माझ्या बायकोला दहा मिनिटांत गरगरतं. ते आधीच कळलेलं बरं.

रातवा

सुरंगीताई, मी गेली बावीस वर्षं दशावतार आणि भजनांच्या कार्यक्रमांना साउंड देतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घाईत घेऊन नंतर निराश झालेले बरेच जण पाहिलेत.

हेडफोनच्या कानावर बसणाऱ्या कपाच्या बाहेर आणि आत बारीक माइक असतात. येणारी लाट ते पकडतात, आतली चिप तिच्या नेमकी उलटी लाट तयार करते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला की दोन्ही मिटतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३६ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. पुढे अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून विमानाने परतत असताना इंजिनाच्या घरघरीने वैतागले आणि तिथेच बसून त्यांनी आकडेमोड सुरू केली. वैमानिकांसाठीचे हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आले. ही वस्तू विमानाच्या घरघरीवर उतारा म्हणून घडली, हे ध्यानात ठेवलंत की तुमच्या दारातल्या कुठल्या आवाजावर ती चालेल हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

बोटीचं इंजिन घ्या. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक डिझेल मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ७५ ठोके पडतात. ७५ हर्ट्झची लाट साडेचार मीटर लांब असते, संथ आणि एकसारखी. चिपला ती ओळखायला आणि उलटवायला भरपूर सवड मिळते. टेम्पो, जनरेटर, पंप, समुद्राची गाज, हे सगळं याच जातीचं. इथे महागडा हेडफोन खरोखर पैसे वसूल करून देतो.

रातकिड्यांचं उलट. त्यांची किर्र चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास, लाट आठ सेंटिमीटरच्या आतबाहेर. तिथे उलटी लाट कणभर चुकली तरी जुळत नाही, त्यामुळे साधारण हजार हर्ट्झच्या वर कंपन्याही चिपपेक्षा गादीच्या जाडीवरच भिस्त ठेवतात. बर्फाच्या मशीनची मोटर जाईल, लादी फुटल्याचा कडाका राहील. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे लाखो सुटे ठोके, कुठलाही दुसऱ्यासारखा नाही. तो कमी होईल पण जाणार नाही. लिलावातली माणसंही पुसट का होईना ऐकू येतीलच. घरघर गेल्यावर उलट हे आवाज जास्त सुटे वाटतात, आणि पहिल्या आठवड्यात लोकांना वाटतं की आपण फसलो. ते फसलेले नसतात, कान नव्या शांततेला सरावत असतात.

आता तुमच्या मीटिंगबद्दल, कारण इथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो. नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानासाठी आहे. समोरच्याला काय ऐकू जाईल हे बोलायच्या माइकवर ठरतं, आणि हेडफोनमध्ये तो तोंडापासून वीतभर लांब, गालाच्या मागे असतो. सॉफ्टवेअर आवाज गाळतं, तरी बर्फ फुटताना समोरचे लोक "काय झालं?" विचारणारच. शिवाय लॅपटॉपवर ब्लूटूथने माइक सुरू झाला की बहुतेक वेळा ऐकू येणारा आवाजही टेलिफोनसारखा चपटा होतो. जोडणी ऐकण्याच्या पद्धतीतून बोलण्याच्या पद्धतीत जाते म्हणून असं होतं. हा हेडफोनचा बिघाड समजू नका. मीटिंगसाठी तोंडापुढे दांडी येणारा दोन-तीन हजारांचा वायरवाला यूएसबी हेडसेट वेगळा ठेवा. पस्तीस हजारांचा हेडफोन ते काम तितकं चांगलं करणार नाही.

कानातल्या शिटीबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि त्यावर आवाज चढला की तास झपाट्याने घटतात. तुम्ही इंजिनाच्या वर आवाज चढवून रोज सहा तास ऐकताय. घरघर गेली की तोच आवाज निम्म्यावर ऐकता येईल. या एका कारणासाठी तुम्ही खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि शिटी थांबत नसेल तर हेडफोनच्या आधी कानाच्या डॉक्टरकडे जा.

मॉडेलचं म्हणाल तर घरी बसून वापरायला सोनी एक्सएम५ (२५० ग्रॅम, ३० तास) किंवा बोसचा क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा, दोन्हींत पश्चात्ताप नाही. बोस डोक्याला मऊ बसतो. एक्सएम५ दुमडत नाही, पण तुम्हाला प्रवासाला न्यायचा नाही. सेनहायझर मोमेंटम ४ ची बॅटरी ६० तास आणि गाण्यांना माझ्या कानाला तो सर्वांत गोड, पण घरघर काढण्यात या दोघांच्या थोडा मागे. अ‍ॅपलचा एअरपॉड्स मॅक्स २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांचा होता, आणि वजन जवळपास ३८५ ग्रॅम. सहा तास मानेवर ते ओझं नको. २०२५ मध्ये सोनीचा एक्सएम६ आल्यामुळे आधीची दोन मॉडेलं (एक्सएम४ आणि एक्सएम५) सेलमध्ये बऱ्यापैकी खाली येतात, तीच बघा. फक्त अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, बाजारात हुबेहूब नकला फार आहेत.

आगर

वरचं सगळं पटलं, पण कोकणात हेडफोन मरतो तो दमटपणाने. माझा एक चांगल्या नावाचा हेडफोन (नाव घेत नाही) दुसऱ्याच पावसाळ्यात असा झाला की कानावरून काढला की गालाला काळे पापुद्रे चिकटलेले. गादीचं कातडं खरं कातडं नसतं, पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि हवेतलं पाणीच त्याला हळूहळू तोडतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात तो किती टिकणार?

मी आता असं करतो. काम झालं की सुती फडक्याने गाद्या कोरड्या पुसायच्या. पंख्याखाली पाव तास उघड्या. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. सोबत मिळते त्या कापडी पेटीत ओला हेडफोन कोंडून ठेवलात तर चार दिवसांत बुरशीची पांढरी लव धरते. पुड्या रंग बदलणाऱ्या आणा, रंग पालटला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. आणि घेतानाच बघा की त्या मॉडेलच्या गाद्या घरी बदलता येतात का. दीड-दोन हजारांत जोड मिळाला की हेडफोन आणखी दोन वर्षं जातो.

खारा वारा येतो त्या खिडकीत ठेवू नका. या मोठ्या हेडफोनना पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन बहुधा नसतंच, आणि आत ओल गेली तर वॉरंटीत बसत नाही. माझा दुरुस्तीला कोल्हापूरला पाठवावा लागला, तीन आठवडे गेले.

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. रातवादादा, माइकचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी नक्की चुकले असते. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे दापोलीला.

एक गोष्ट सुरुवातीला लिहायची राहिली, आणि वाचता वाचता तीच मनात घोळतेय. आई आतल्या खोलीत असते. गुडघ्यांमुळे तिला उठताना हात लागतो, ती हाक मारते. तिचा आवाज आता बारीक झालाय. मी ही सगळी शांतता विकत घेतली आणि तिची हाक ऐकू आली नाही तर?

कातळवाट

बाहेरचा आवाज आत घेणारी सोय सगळ्यांत असते. सोनीत उजव्या कपावर तळवा ठेवला की लगेच ऐकू येतं. पण त्यासाठी हाक मारली आहे हे आधी कळायला हवं, तेव्हा तुमच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. एक कान उघडा ठेवून बघा.

माजघर

ताई, माझे सासरे तीन वर्षं अंथरुणाला होते आणि मी घरून शिवणकामाच्या ऑर्डरी घेत असे. मशीनच्या आवाजात त्यांची हाक ऐकू येईना. एकदा ते अर्धा तास ओल्या अंथरुणात पडून होते आणि मला पत्ता नव्हता. ते मला अजून विसरता येत नाही. त्यानंतर आम्ही दिवा लागणारी वायरलेस बेल आणली. बटण त्यांच्या उशाशी दोरीने बांधलं, बेल माझ्या मशीनसमोर. वाजते आणि दिवाही लुकलुकतो. हजाराच्या आत मिळते. घेताना दिव्याची आहे ना हे तपासून घ्या, नुसत्या आवाजाच्या जास्त असतात. बटणातला सेल दर दोन महिन्यांनी बदला, संपेपर्यंत थांबू नका.

रातवा

माजघरताईंचं ऐका. एक कान उघडा ठेवलात तर तो कान पुन्हा इंजिनावर आवाज चढवायला लावेल, आणि खर्च वाया.

सुरंगी

उशिरा लिहितेय, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मामेभावाचा एक्सएम४ आठ दिवस मागून घेतला, बोटी चालू होत्या तेव्हाच. टेम्पो आणि इंजिनं जवळजवळ गेली. बर्फाचा कडाका राहिला, लिलाव पुसट. रातकिडे जसेच्या तसे. आवाजाची पट्टी आधी ८५ टक्क्यांवर असायची, ती ४५ वर आली, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी कान शांत होते. डॉक्टरांनी तपासलं, ऐकण्यात घट नाही म्हणाले, पण आता आवाज चढवू नका असं बजावलं. त्याच हेडफोनवर एक मीटिंग केली, तर वरिष्ठांनी दोनदा विचारलं की मागे काय पडतंय. दांडीवाला यूएसबी हेडसेट लावल्यावर कोणी विचारलं नाही.

शेवटी एक्सएम५ घेतला, सेलमध्ये बजेटच्या खूप आत बसला. उरलेल्या पैशात हेडसेट, गाद्यांचा एक जादा जोड, घट्ट डबा, सिलिका जेल आणि दिव्याची बेल. पत्र्यावर परवापासून धो धो पाऊस आहे. तो ऐकू येतो, पण रेकॉर्डिंगमधली वाक्यं आता परत परत ऐकावी लागत नाहीत.

बेलचं बटण आईच्या खाटेच्या कठड्याला बांधलंय. पहिल्या दिवशी तिने सात वेळा दाबून बघितलं, आणि दर वेळी मी उठून गेले. आता ती कामाच्या वेळात हाक मारत नाही, बटणच दाबते. गाद्यांचं काय होतं ते दसऱ्याला इथेच लिहीन.