मदत हवी आहे: स्लीमान मन्सूरची मातीची चित्रं
मंडळी, चित्रकलेच्या मुलांसमोर पॅलेस्टिनी चित्रकार स्लीमान मन्सूरवर बोलायचंय. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा (इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव) पेटला, तेव्हा त्याने आणि सोबतचे कलाकार वेरा तमारी, नबील अनानी, तैसीर बरकात यांनी इस्रायली रंगसाहित्य वापरणं सोडलं. मन्सूरने माती घेतली, अनानीने चामडं. (त्याआधी इस्रायली लष्कराने पॅलेस्टिनी झेंड्याचे चार रंग चित्रात एकत्र आणायलाही मनाई केली होती!)

मी अडलेय ती भेगांपाशी. घरी पाटावर लाल माती लिंपून पाहिली. दुसऱ्या दिवशी सगळे पोपडे खाली. त्याच्या चित्रात भेगा आहेत, तरी माणूस शाबूत. त्या मुद्दाम पाडलेल्या, की वाळताना पडल्या आणि त्याने ठेवल्या? मूळ चित्रं कुणी प्रत्यक्ष पाहिली आहेत का? आणि माती धरून ठेवायला काय मिसळू, भुसा की डिंक?