घरचे फोटो लावून ठेवण्यासाठी आणि टॅग करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

पिंपळपान (प्रश्न)

आजोबांच्या काळातील कृष्णधवल फोटोंचे स्कॅन, २००५ नंतरचे डिजिटल कॅमेऱ्यातील फोटो, घरातल्या सगळ्यांच्या फोनमधील फोटो आणि व्हॉट्सॲपवरून आलेले नातेवाइकांचे फोटो असा तीस हजारांच्या वर गेलेला संग्रह मी एका बाह्य हार्ड डिस्कवर एकत्र केला आहे. फोल्डर वर्षवार आहेत, परंतु आजीचे सर्व फोटो किंवा मावशीकडच्या गौरींचे सर्व फोटो एकत्र पाहायचे असतील तर त्या रचनेचा उपयोग होत नाही. काही वर्षे मी पिकासा हे गुगलचे फोटो लावण्याचे सॉफ्टवेअर वापरत होते आणि त्यात बऱ्याच चेहऱ्यांना नावेही दिली होती, पण गुगलने २०१६ मध्ये ते बंद केले. आता पुन्हा इतकी मेहनत घ्यायची तर ती वाया जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. संगणक विंडोजचा आहे, दरमहा पैसे भरण्याची इच्छा नाही, आणि टॅग मराठीतच लिहायचे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवारा

सॉफ्टवेअरची नावे पाहण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी, ती म्हणजे आपण लिहिलेला टॅग, म्हणजे फोटोला जोडलेला खुणेचा शब्द, साठवला कुठे जातो. काही सॉफ्टवेअर तो फक्त स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, तर काही तो फोटोच्या फाइलमध्येच, आयपीटीसी आणि एक्सएमपी या प्रमाणित रकान्यांत लिहितात. पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअर बंद पडले की टॅगही गेले. दुसऱ्या प्रकारात फाइल जिथे जाईल तिथे टॅग सोबत जातात आणि उद्याचे कोणतेही बरे सॉफ्टवेअर ते वाचू शकते. लाइटरूम क्लासिकसारखे नावाजलेले सॉफ्टवेअरसुद्धा मुळात सगळे स्वतःच्या कॅटलॉगमध्ये ठेवते आणि फाइलमध्ये आपोआप लिहिण्याची सोय सेटिंगमधून चालू करावी लागते. शिवाय त्याला वर्गणी भरावी लागते, त्यामुळे ते तुमच्या यादीतून तसेही बाद होईल.

तुमच्या अटी पाहता माझे मत डिजिकॅमच्या बाजूने आहे. ते मुक्त आणि मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, टॅगखाली उपटॅग करता येतात, आणि चेहरे ओळखण्याचे काम तुमच्याच संगणकावर होते, फोटो कुठेही पाठवले जात नाहीत. पडदा पहिल्यांदा पाहिल्यावर थोडे दडपून जायला होते, हे मान्य. निम्म्या खिडक्या बंद करून टाकल्या तरी काही अडत नाही. मात्र काम सुरू करण्यापूर्वी सेटिंगमधील मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या) पानावर जाऊन टॅग, वर्णन आणि चेहऱ्यांची नावे फाइलमध्ये लिहिण्याच्या पर्यायांवर खूण आहे की नाही, हे अवश्य पाहावे. मूळ फाइलला हात लावायचा नसेल, तर फोटोशेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार करण्याचाही पर्याय आहे. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल आणि व्हिडिओ यांच्यासाठी तोच मार्ग बरा.

पिकासातील मेहनत सगळी वाया गेली असे समजू नका. जेपीईजी फोटोंना दिलेले टॅग आणि मथळे पिकासा फाइलमध्येच लिहीत असे, त्यामुळे डिजिकॅममध्ये ते आपोआप दिसतील. चेहऱ्यांच्या नावांचे तसे नाही. नावे फोटोत साठवण्याचा पर्याय तुम्ही चालू केला असेल तर ती मिळतील, नाही तर ती फोल्डरमधील पिकासाच्या लपलेल्या आयएनआय फाइलमध्ये अडकलेली असतील. जुनी डिस्क आवरताना त्या फाइल निरुपयोगी समजून पुसू नयेत.

तिरफळ

मराठी टॅगबद्दल एक तांत्रिक बाब सांगतो. आयपीटीसीच्या जुन्या पद्धतीत एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे एका टॅगमध्ये जेमतेम एकवीस चिन्हे मावतात आणि "सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ" हा टॅग शेवटी तुटतो. एक्सएमपीला अशी मर्यादा नाही, म्हणून ज्यात एक्सएमपी नीट वाचले व लिहिले जाते असेच सॉफ्टवेअर घ्यावे आणि टॅग शक्यतो आखूड ठेवावेत.

दुसरे म्हणजे नात्यांचे टॅग करू नयेत. तुमची आत्या तुमच्या मुलांची आजी असते आणि "काका" म्हणून शोधले तर अर्धे घर समोर येते. पूर्ण नावाचा टॅग करावा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत मी एकच नाव ठरवून माहेरचे आडनाव वर्णनात लिहितो. दोन टॅग केले की त्याच व्यक्तीचे फोटो दोन ठिकाणी विभागले जातात आणि चेहरा ओळखणारे यंत्रही गोंधळते.

पिंपळपान

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका आहेत. स्कॅन केलेल्या फोटोंवर स्कॅनची तारीख दिसते, त्याचे काय करावे? आणि घरातील मंडळी म्हणतात की सगळे गुगल फोटोजवर टाकले की प्रश्न सुटतो, ते कितपत खरे आहे?

रानवारा

तारखांचे काम टॅगच्या आधी करावे, कारण वर्षवार क्रम लागला की चेहरे आणि प्रसंग ओळखणे पुष्कळ सोपे जाते. डिजिकॅममध्ये अनेक फोटो एकदम निवडून तारीख बदलता येते. फक्त वर्ष ठाऊक असेल तर मी १ जानेवारी टाकून "तारीख अंदाजे" असा टॅग लावतो, म्हणजे पुढे कोणी ती खरी समजत नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलमधील मूळ माहिती निघून गेलेली असते, पण अँड्रॉइड फोनवर फाइलच्या नावात तारीख असते. ती फोटो काढल्याची नसून आल्याची असते, एवढे ध्यानात ठेवावे. नातेवाइकांना यापुढे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले तर मूळ माहिती टिकून राहते.

गुगल फोटोजचा शोध खरोखरच चांगला आहे आणि घरच्यांना पाहण्यासाठी ते जरूर वापरावे. पण तिथे स्वतःचे टॅग लावण्याची सोय नाही, वर्णन तेवढे लिहिता येते, आणि तुम्ही तिथे सुधारलेली तारीख फोटो बाहेर काढताना मूळ फाइलमध्ये न येता सोबतच्या जेसन नावाच्या वेगळ्या मजकूर फाइलमध्ये येते. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद मोफत साठवणही संपली, त्यामुळे १५ जीबीनंतर पैसे भरणे आलेच.

तिरफळ

डिजिकॅम पक्के करण्याआधी पंधरावीस फोटोंची नक्कल वेगळ्या फोल्डरमध्ये काढून त्यांना मराठी टॅग लावा आणि तेच फोटो एक्सएनव्ह्यू एमपीसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. वैयक्तिक वापरासाठी तेही मोफत आहे. तिथे फोटोच्या माहितीत टॅग जसेच्या तसे दिसले, तरच मुख्य संग्रहाला हात घाला. आणि बाह्य डिस्क एकच असेल तर त्याआधी दुसरी घेऊन सगळ्या संग्रहाची प्रत काढा, कारण टॅग फाइलमध्ये लिहिणे म्हणजे हजारो मूळ फाइल एका दमात बदलणे होय.