नागपूरजवळ हुळा खायला वावरात जायचे आहे

प्रश्न: नमस्कार. हरभऱ्याचे घाटे भरले की आजोबा आम्हाला वावरात हुळा, म्हणजे जाळावर भाजलेला कोवळा हरभरा, खायला नेत असत. तोच आनंद माझ्या मुलांना द्यावा, असे फार वाटते. कळमेश्वर किंवा काटोलकडे केव्हा जावे आणि काय काळजी घ्यावी?

उत्तर १: पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत असल्याने माझ्या मते फेब्रुवारीचा पूर्वार्ध उत्तम. घाटा दाबल्यावर आतला दाणा टणक न लागता भरीव, पण कोवळा लागला पाहिजे, कारण पुढे दाणे पिवळे पडून कडक होतात आणि भाजण्यातली गोडी जाते. झाडे उपटण्याआधी शेतकऱ्याला अवश्य विचारा आणि रास्त पैसे द्या. त्याच्यासाठी ते विकायचे पीक आहे.

उत्तर २: मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. हरभऱ्याच्या पानांवर मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले असलेली आंब असते, ती सकाळच्या दवात ओल्या हातांना चांगलीच झोंबते. पूर्वी पहाटे पिकावरून स्वच्छ कापड फिरवून ही आंब पिळून घेत आणि पोटदुखीवर देत, असे आमची आजी सांगायची. जाळ वाळलेल्या काडीकचऱ्याचाच करा, पण उभ्या पिकापासून दूर. साल काळी पडून घाटे तडतडू लागले की लगेच बाहेर ओढा आणि राखेतून वेचून गरम असतानाच सोला. सोबत तिखट-मीठ न्या. थोडे कच्चे सोले घरीही आणा, सोलेभात होईल.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. शेतकऱ्याशी बोलून येत्या रविवारी निघतो.