टाळ, टिकास आणि आयते : गावानं तुम्हाला काय शिकवलं?

माझी आजी दर रविवारी टाळ घेऊन उपासनेला जायची. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. एकादशीला शेजारच्या भजनी मंडळात टाळ कमी पडला की तोच टाळ तिकडे जायचा. विदर्भातल्या खेड्यांत आपली ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळे आपली श्रद्धा शेजाऱ्यांच्या अंगणातच वाढली. आपण केलेली सेवा अहवालांत येतेच. मला ऐकायचंय ते हे : सेवेला गेलात तेव्हा त्या गावानं तुम्हाला काय शिकवलं? ख्रिस्ती असा वा नसा, लिहा. माणसांची नावं मात्र टाळा. आलेली काही पत्रं अशी :

वरुड तालुका

२०१७ ची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा, ८ एप्रिल ते २२ मे, ४५ दिवस श्रमदान. आमचा संत्र्याचा पट्टा, बोअर खोल खोल गेलेले, वाळलेल्या बागा तोडलेल्या. त्या वर्षी १४ एप्रिलला गुड फ्रायडे आणि आंबेडकर जयंती एकाच दिवशी आली. आमच्या चर्चच्या मंडळीत वाद झाला. एक म्हातारे काका म्हणाले, प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवशी टिकास उचलायची नाही. मी तरुण संघाचा सचिव. भर सभेत बायबलातला विसाव्याच्या दिवसाचा दाखला देत त्यांना म्हणालो, "मग शब्बाथाला खड्ड्यात पडलेलं मेंढरू काढायचंच नाही का?" ते गप्प बसले. मला वाटलं, जिंकलो.

पहाटे पाचला टेकडीवर पोचलो तर काका आमच्याआधी हजर. उपास, पाण्याचा घोटही घेतलेला नाही. चराच्या कडेला बसून टिकासांचे सैल दांडे ठोकून बसवत होते. मी माफी मागितली. म्हणाले, "मले दगड फोडनं नाई जमत बाप्पा, पन दांडा बसवता येते." त्यांना चारचौघांत दुखावलं हे मला आजही लागतं.

आम्हाला बारा ते तीन प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला बसायचं होतं. बौद्ध वस्तीतल्या पोरांनी आमच्या वाट्याचे राहिलेले चरही खणून टाकले, आम्ही न सांगता. संध्याकाळी त्यांच्या मिरवणुकीत आमच्या महिला मंडळानं पाणी वाटलं. ईस्टरची सूर्योदयाची उपासना त्याच टेकडीवर झाली, आणि आमेन म्हणून लगेच सगळे कामाला लागले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री अख्खं गाव बॅटऱ्या घेऊन चर बघायला धावलं. काठोकाठ भरले होते.

चंद्रपूर जिल्हा

मी मूळची केरळची. बल्लारपूरला केंद्र असलेल्या चांदा धर्मप्रांतात, एका लहानशा दवाखान्यात परिचारिका म्हणून आले. मराठी पुस्तकातून शिकले होते. "आपणास वेदना कुठे होतात?" असं विचारलं की पेशंट नातीच्या तोंडाकडे बघायच्या. त्यांची भाषा झाडीपट्टीची, "आंग मोडून येते", "जीव घाबरते". ते शिकायला दोन पावसाळे गेले.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत दवाखाना ओस पडायचा. एकदा मीही बांधीत उतरले. पऱ्हे (रोपं) कसे धरायचे ते मला ठाऊक होतं, माझी आई तेच करायची. बायका थबकून बघत राहिल्या. संध्याकाळी एकीनं घरी नेऊन आयते खाऊ घातले, तांदळाचे, जाळीदार. घरचा अप्पम आठवला आणि घास घशातच अडकला. पुढच्या नाताळाला मी अप्पम केले. "हे तं आमचेच आयते, जरासे फुगले!" म्हणत सगळे संपवले.

बुटीबोरी परिसर

मी निवृत्त शिक्षक. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी खडक आणि जीवाश्म जमवले, तशी गोंडांची, त्यांच्या आदिपुरुष लिंगोची गाणीही उतरवून घेतली. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना १८६३ मध्ये ते नाल्यात बुडाले. गाणी १८६६ मध्ये छापली गेली. मी वर्गात ती गोष्ट सांगितली, तर एका मुलाच्या आजोबांनी शाळेत येऊन ती गाऊनच दाखवली. बरीच वेगळी होती! त्यानंतर दरवर्षी आधी ते गायचे, मग मी बोलायचो.

अचलपूरजवळून

आम्ही ख्रिस्ती नाही. आजी कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात होती. घरी तिचं ताट वेगळं असायचं, मीही त्याला हात लावत नसे. तिथल्या एका बाईंनी तिला रोज पाय पाण्यात भिजवून, कडक कातडी घासून तेल लावायला शिकवलं. आजी घरी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. घमेल्यात पाणी, वीस मिनिटं, मग तेल. महिनाभरात आईनं तिचं ताट आमच्या ताटांत मिसळलं.

त्या बाई नाताळला करंज्यांचा डबा पाठवायच्या. आजी तो रिकामा कधी परत करत नसे, जवसाची चटणी भरून द्यायची. आजी गेली त्या वर्षीचा डबा आमच्याकडेच राहिलाय. बाई निवृत्त होऊन कुठं गेल्या ते कुणाला ठाऊक असेल तर सांगा, चटणी भरून ठेवते.